मुक्त स्रोत ड्रायव्हर आणि बंद दप्तर : यू.एस.बी. नेटवर्क ॲडाप्टरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास (१९९९ ते २०२५)

बीजसंज्ञा : मुक्त स्रोत, लिनक्स कर्नल, ड्रायव्हर, फर्मवेअर, यू.एस.बी., तांत्रिक दस्तऐवज, मालकी

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा किंवा ती यंत्रे घडविणाऱ्या उद्योजकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामध्ये उभ्या असलेल्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या लहानशा प्रोग्रामकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. ड्रायव्हर हा एका अर्थी दुभाष्या असतो. कार्यप्रणालीची मागणी तो उपकरणाला समजेल अशा संकेतांत सांगतो आणि उपकरणाचे उत्तर कार्यप्रणालीपर्यंत पोहोचवितो. दुभाष्या नसेल, तर दोन्ही पक्ष समोरासमोर असूनही मुके राहतात. मात्र हा दुभाष्या तयार करावयाचा तर उपकरणाची भाषा कोणाला तरी ठाऊक असली पाहिजे, आणि ती ज्या तांत्रिक पुस्तिकेत लिहिलेली असते ती पुस्तिका चिप बनविणाऱ्या कंपनीच्या कपाटात असते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले ते एका किरकोळ प्रसंगामुळे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून वाचकांना संदर्भसेवा उपलब्ध करून द्यावी, असे ठरले. त्यासाठी एकाच दुकानातून, एकाच नावाचे व एकाच रंगाच्या खोक्यातील सात बिनतारी यू.एस.बी. ॲडाप्टर खरेदी करण्यात आले. त्यांपैकी चार संगणकास लावताक्षणी चालू झाले. तीन काही केल्या चालेनात. दोष आमच्या अज्ञानाचा असावा असे प्रथम वाटले. पुढे कळले की, बाह्य आवरण एक असले तरी आतील चिप दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या. एकीची भाषा लिनक्सला ठाऊक होती, दुसरीची नव्हती. खोक्यावर याचा उल्लेख कोठेही नव्हता.

प्रस्तुत लेखात यू.एस.बी. नेटवर्क ॲडाप्टरसाठीच्या मुक्त स्रोत ड्रायव्हरचा सुमारे पंचवीस वर्षांचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, एखादे ॲडाप्टर लिनक्सवर चालते की नाही, याचा निर्णय प्रोग्रामरच्या कौशल्यापेक्षा कागदपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत यावर अधिक अवलंबून राहिला आहे. राजवाड्यांनी दप्तरांसाठी घरोघर घातलेले खेटे ज्यांना ठाऊक आहेत, त्या मराठी इतिहास-अभ्यासकांना या प्रश्नाचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

साधनांविषयी

या इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे लिनक्स कर्नलचा बदल-इतिहास होय. एप्रिल २००५ पासून कर्नलचे काम ‘गिट’ या प्रणालीत चालते. प्रत्येक बदलाबरोबर तो करणाऱ्याचे नाव, दिनांक आणि बहुधा कारणही तेथे नोंदलेले असते. त्याआधी, २००३ मध्ये एस.सी.ओ. या कंपनीने आय.बी.एम. विरुद्ध दावा लावून लिनक्समधील मजकुराच्या उगमाविषयी शंका उपस्थित केली होती. त्यानंतर २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती देणाऱ्याने आपल्या नावाची पुष्टी लिहिण्याची प्रथा सुरू झाली. मजकूर आपल्याकडे कोठून आला व तो देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. न्यायालयीन भीतीतून जन्मलेली ही प्रथा इतिहासाच्या दृष्टीने मात्र मोठी उपकारक ठरली. कागदाच्या अस्सलपणाविषयी इतकी दक्षता फार थोड्या समकालीन दप्तरांत आढळेल.

एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. हे दप्तर एका पक्षाचे आहे. चिप कंपन्यांच्या अंतर्गत चर्चा त्यात नाहीत; त्यांच्या भूमिका त्यांच्या जाहीर कृतींवरूनच अनुमानाव्या लागतात.

पार्श्वभूमी

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या मुळाशी एका उपकरणाचीच गोष्ट आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा मुद्रक आला. आधीच्या मुद्रकाच्या प्रोग्राममध्ये प्रयोगशाळेतील मंडळींनी सुधारणा केली होती. कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जात असे. नव्या मुद्रकाचा सोर्स कोड मिळेना. ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून रिचर्ड स्टॉलमन यांना नकार दिला. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागील अनुभवांत हा नकार त्यांनी स्वतः अनेकदा नमूद केला आहे.

१९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलचा आरंभ केला आणि पुढील वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. नेटवर्कच्या बाबतीत लिनक्सला आरंभीच एक मोठा आधार लाभला. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात काम करणारे डोनाल्ड बेकर यांनी इथरनेट कार्डांसाठी मोठ्या संख्येने ड्रायव्हर लिहिले. १९९४ मध्ये त्यांनी व थॉमस स्टर्लिंग यांनी सोळा साधे संगणक इथरनेटने जोडून ‘बेवुल्फ’ हा संगणकसमूह उभा केला. महागड्या महासंगणकाऐवजी बाजारातील स्वस्त यंत्रे वापरावयाची, तर बाजारातील स्वस्त नेटवर्क कार्ड चाललेच पाहिजे, अशी ही निकड होती. नव्वदच्या दशकात इथरनेट चिपांच्या पुस्तिका पुष्कळ अंशी मिळत असत. बिनतारी तंत्रज्ञान आले तेव्हा ही स्थिती पालटली.

तारेचे ॲडाप्टर : मानकांचा आधार

कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आय.बी.एम., इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एन.ई.सी. आणि नॉर्टेल या सात कंपन्यांच्या सहभागातून यू.एस.बी. मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. (इंटेलमध्ये या कामात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, हे येथे जाता जाता नोंदवितो.) आरंभीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता, एप्रिल २००० मधील दुसऱ्या आवृत्तीने तो ४८० मेगाबिटवर नेला. लिनक्समध्ये यू.एस.बी.चा पाया १९९९ मध्ये घातला गेला आणि ४ जानेवारी २००१ रोजी प्रसिद्ध झालेल्या २.४ या आवृत्तीपासून तो सर्वसामान्य वापरात आला.

यू.एस.बी.ची एक व्यवस्था पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाची आहे. प्रत्येक उपकरण संगणकाला जोडताच दोन क्रमांक सांगते: एक उत्पादक कंपनीचा, दुसरा उत्पादनाचा. त्याचबरोबर ते आपला ‘वर्ग’ही सांगू शकते. कळफलक, माऊस, पेनड्राइव्ह यांचे वर्ग ठरलेले आहेत. म्हणून कोणत्याही कंपनीचा पेनड्राइव्ह एकाच सामान्य ड्रायव्हरवर चालतो. इथरनेट ॲडाप्टरसाठीही १९९९ च्या संप्रेषण-वर्गाच्या मानकात एक पद्धत सांगितली होती आणि २०१० मध्ये तिची अधिक कार्यक्षम अशी दुसरी पद्धत आली. मायक्रोसॉफ्टने मात्र दीर्घकाळ स्वतःच्या ‘आर.एन.डी.आय.एस.’ या पद्धतीचा पुरस्कार केला. लिनक्सने या तिन्ही पद्धती आत्मसात केल्या.

मानक न पाळणारी उपकरणेही पुष्कळ होती. ॲडमटेक कंपनीच्या ‘पेगॅसस’ चिपसाठी पेटको मानोलोव्ह यांनी १९९९ पासून लिहिलेला ड्रायव्हर हा या परंपरेतील अगदी आरंभीचा नमुना होय. तथापि खरी स्थिरता आणली ती डेव्हिड ब्राउनेल यांच्या ‘यूएसबीनेट’ या रचनेने. दोन संगणक एका यू.एस.बी. तारेने जोडण्यासाठी २००० मध्ये आरंभलेला हा ड्रायव्हर पुढे एक सामाईक गाभा आणि त्याभोवती लहान लहान चिप-विशिष्ट भाग असा विभागला गेला. नव्या चिपसाठी सारे काही पुन्हा लिहिण्याची गरज उरली नाही. कित्येकदा तर यादीत एक नवा क्रमांक जोडला की काम भागे. कर्नलच्या बदल-इतिहासात अशा एका ओळीच्या नोंदी विपुल आहेत. कोणी तरी बाजारातून ॲडाप्टर आणला, त्याचा क्रमांक यादीत नव्हता, त्याने तो जोडून पाहिला, चालला, आणि त्याने तो कळविला. युद्धांच्या वर्णनांपेक्षा जमाखर्चाच्या वह्यांतून समाजाचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो, तसेच काहीसे येथे होते.

बिनतारी ॲडाप्टर : मानक नसलेला प्रदेश

बिनतारी ॲडाप्टरच्या बाबतीत हे सारे चित्र उलटे दिसते. ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले आणि १९९९ च्या ‘बी’ उपमानकाने ते बाजारात रुजविले. परंतु हे मानक हवेतील लहरींच्या भाषेचे आहे. ॲडाप्टर आणि संगणक यांनी तारेवर परस्परांशी कसे बोलावे, यासाठी वाय-फाय उपकरणांचा सर्वांनी पाळावा असा यू.एस.बी. वर्ग व्यवहारात रूढ झालाच नाही. प्रत्येक कंपनीने आपली स्वतंत्र बोली ठेवली आणि पुढे प्रत्येक चिपगणिक ती बदलत गेली. परिणामी प्रत्येक चिपसाठी पुस्तिका हवी, आणि पुस्तिका मिळेना.

विलंब किती होई, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ॲटमेल कंपनीच्या चिपवर आधारलेले ‘बी’ उपमानकाचे यू.एस.बी. ॲडाप्टर हे या प्रकारातील अगदी आरंभीचे होत. त्यांच्यासाठी मुख्य कर्नलच्या बाहेर अनेक वर्षे खटपटी चालल्या. मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर आला तो २००९ मध्ये, म्हणजे त्या पिढीचे तंत्रज्ञान दुकानांतून नाहीसे झाल्यावर.

या कोंडीतून बाहेर पडण्याचे तीन मार्ग त्या काळी चोखाळले गेले.

पहिला मार्ग तडजोडीचा. २००३ मध्ये पोंटस फुक्स यांनी ‘एन.डी.आय.एस. रॅपर’ सुरू केला. पुढे त्याची धुरा गिरिधर पेम्मसानी यांनी सांभाळली. विंडोजसाठी बनलेला बंद ड्रायव्हर जसाच्या तसा घेऊन लिनक्समध्ये त्याच्याभोवती विंडोजचा आभास निर्माण करावयाचा, अशी ही युक्ती होती. फ्रीबीएसडी या प्रणालीतही बिल पॉल यांनी असाच प्रयोग केला. सामान्य वापरणाऱ्याला त्याने दिलासा मिळाला, हे नाकारता येत नाही. परंतु विंडोजचा ड्रायव्हर ज्या प्रोसेसरसाठी बनलेला असे, त्याखेरीज इतरत्र तो निरुपयोगी होता. त्यातील दोष कोणालाच दुरुस्त करता येत नसत. आणि चालते आहे म्हटल्यावर कंपनीवरील दडपणही कमी होई.

दुसरा मार्ग उलट-अभियांत्रिकीचा. येथे यू.एस.बी.ची रचना अभ्यासकांच्या पथ्यावर पडली. संगणकाच्या आत बसविलेल्या कार्डाशी ड्रायव्हर थेट स्मृतिस्थानांतून बोलतो आणि ते संभाषण बाहेरून टिपणे अवघड असते. यू.एस.बी. उपकरणाशी होणारा प्रत्येक संवाद मात्र पाकिटांच्या रूपाने एका सामाईक मार्गावरून जातो. विंडोजवर अधिकृत ड्रायव्हर चालवावा, त्या मार्गावरील पाकिटे नोंदवावीत, कोणत्या आज्ञेनंतर उपकरण काय करते ते पाहावे आणि त्यावरून व्याकरण रचावे, अशी ही पद्धत. लिनक्समध्ये ‘यूएसबीमॉन’ ही सोय आल्यावर स्वतःच्या ड्रायव्हरची पाकिटे मूळ नोंदीशी ताडून पाहणे सुलभ झाले. अज्ञात लिपीचे वाचन करणाऱ्याने द्वैभाषिक नाण्यांचा आधार घ्यावा, त्याच जातीचे हे काम आहे.

कायद्याची बाजू सांभाळण्यासाठी काही ठिकाणी दोन गट केले जात. एक गट मूळ ड्रायव्हर उकलून केवळ वर्णन लिही. दुसरा गट मूळ ड्रायव्हरकडे न पाहता त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिही. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांसाठी या पद्धतीने लिहिलेला ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. ती चिप मुख्यतः यू.एस.बी.ची नव्हती; तरी पद्धतीचा आदर्श म्हणून तिचा निर्देश करणे भाग आहे.

तिसरा मार्ग मागणीचा. ओपनबीएसडी या प्रणालीचे प्रमुख थिओ डी राट यांनी कंपन्यांकडे सोर्स कोडाऐवजी पुस्तिकांची मागणी केली. ‘तुमचा प्रोग्राम आम्हांस नको, उपकरणाचे वर्णन द्या, प्रोग्राम आम्ही लिहू,’ असा या भूमिकेचा आशय होता. गुप्ततेच्या करारावर सही करून पुस्तिका घेणेही त्यांना मान्य नव्हते. कारण अशा पुस्तिकेवरून लिहिलेला ड्रायव्हर इतर कोणाला समजत नाही. या कार्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना २००४ सालचा पुरस्कार दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते या तिन्हींत हीच भूमिका सर्वांत स्पष्ट होती, जरी तिचा स्वर अनेकदा कर्कश असे.

लिनक्सच्या बाजूने या संदर्भात थोडी निराळी नीती अवलंबिली गेली. जानेवारी २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर निमंत्रण दिले: पुस्तिका द्या, हवा तर गुप्ततेचा करार करा, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. या दोन नीतींत तत्त्वतः किती अंतर आहे, ते वेगळे सांगावयास नको. पुढील वर्षी, जून २००८ मध्ये, शंभराहून अधिक कर्नल-विकासकांनी बंद ड्रायव्हर अहितकारक असल्याचे संयुक्त निवेदन काढले.

या काळात तैवानच्या दोन कंपन्यांनी दाखविलेला मोकळेपणा निर्णायक ठरला. रॅलिंक कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा सोर्स कोड मुक्त परवान्याखाली दिला. त्याची घडण कर्नलला मानवणारी नव्हती. म्हणून स्वयंसेवकांनी ‘आरटी२एक्स००’ प्रकल्पात तो नव्याने लिहिला आणि जानेवारी २००८ मध्ये तो यू.एस.बी. चिपांसह कर्नलमध्ये आला. झायडास कंपनीच्या झेडडी१२११ या चिपचा इतिहासही असाच आहे. डॅनियल ड्रेक व उलरिच कुनित्झ यांनी नव्याने रचलेला तिचा ड्रायव्हर सप्टेंबर २००६ मध्ये समाविष्ट झाला. दरम्यान २००७ मध्ये डिव्हाइसस्केप या कंपनीने दिलेल्या मजकुरावर आधारलेली ‘मॅक८०२११’ ही सामाईक बिनतारी यंत्रणा कर्नलमध्ये आली. यूएसबीनेटने तारेच्या ॲडाप्टरसाठी जे केले होते, ते बिनतारीसाठी करणारी ही यंत्रणा होय.

नियमनाचा युक्तिवाद

कंपन्या गुप्ततेचे समर्थन दोन कारणांनी करीत. व्यापारी स्पर्धा हे पहिले. दुसरे अधिक गंभीर होते: रेडिओ लहरींचे नियमन. चिपचे सारे अंतरंग उघड केले तर वापरणारा निषिद्ध वारंवारितेवर किंवा अधिक शक्तीने प्रक्षेपण करील आणि त्याचा दोष आमच्यावर येईल, असे ॲथेरॉससारख्या कंपन्यांचे म्हणणे असे. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात पहिल्या अकरा वाहिन्या वापरात आहेत, युरोपात तेरा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्यातून मुक्त झाला तो जानेवारी २००५ च्या नियमांनी. म्हणजे देशपरत्वे नियम भिन्न आहेत, ही गोष्ट खरीच आहे.

हा युक्तिवाद पूर्णतः फेटाळता येत नाही. परंतु त्यातून गुप्ततेची अपरिहार्यता सिद्ध होते, असेही नाही. लिनक्सच्या विकासकांनी २००८ च्या सुमारास देशनिहाय नियमांची एक मध्यवर्ती, स्वाक्षरीबद्ध सूची तयार केली आणि ड्रायव्हरनी ती पाळावी अशी व्यवस्था केली. नियम पाळण्याची यंत्रणा उघड्यावर असू शकते, हे या कृतीने दाखविले. नियामकांच्या दडपणाचा प्रश्न मात्र मिटला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने टीपी-लिंक कंपनीशी केलेल्या तडजोडीत दोन लाख डॉलरचा दंड होता. तिच्यातच, राउटरवर मुक्त फर्मवेअर बसविता येईल याचा मार्ग कंपनीने शोधावा, अशी अटही घातली गेली. एकाच दस्तऐवजात दोन्ही प्रवाह दिसावेत, हे विलक्षण आहे.

ॲथेरॉसचे वळण आणि फर्मवेअरचा प्रश्न

ॲथेरॉस कंपनीच्या चिपांसाठी ‘मॅडवायफाय’ हा ड्रायव्हर होता. पण त्याच्या पोटात ‘हॅल’ नावाचा एक बंद भाग असे. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटर यांनी उलट-अभियांत्रिकीने त्याचा मुक्त पर्याय लिहिला. २००७ मध्ये तो लिनक्सकडे नेताना परवान्याच्या शब्दांवरून दोन्ही समुदायांत कडाक्याचा वाद झाला. दोघेही मुक्ततेचे पुरस्कर्ते. पण एकाचा परवाना बदल परत देण्याची सक्ती करतो, दुसऱ्याचा करीत नाही. हा वाद भाऊबंदकीचा म्हणावा असाच होता.

जुलै २००८ मध्ये कंपनीने स्वतःच ‘एटीएच९के’ हा संपूर्ण मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला, आणि थोड्याच काळात जुन्या ‘हॅल’चा सोर्स कोडही दिला. यू.एस.बी. चिपांपुरते पाहिले तर पुढचे पाऊल अधिक लक्षणीय आहे. एआर९१७० या चिपच्या फर्मवेअरचा सोर्स कोड कंपनीने खुला केला. त्यावरून ख्रिश्चन लॅम्पार्टर यांनी लिहिलेला ड्रायव्हर २०११ च्या आरंभी कर्नलमध्ये आला. एआर९२७१ या चिपचा ड्रायव्हर २०१० मध्ये आणि फर्मवेअरचा सोर्स कोड २०१३ मध्ये खुला झाला. ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही मुक्त असलेली बिनतारी ॲडाप्टर इतकी थोडी आहेत की, त्यांची नावे एका श्वासात सांगता येतात.

येथे फर्मवेअरचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. ॲडाप्टरमध्ये स्वतःचा एक लहान प्रोसेसर असतो. त्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. स्वस्त ॲडाप्टरमध्ये तो कायमचा साठवलेला नसतो. जोडल्यावर दर वेळी ड्रायव्हर तो संगणकातून ॲडाप्टरमध्ये भरतो. ड्रायव्हर मुक्त झाले तसतसे गुपित या दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरकत गेले. इंटेलच्या अंतर्गत कार्डांच्या बाबतीत हे स्थलांतर डोळ्यांदेखत घडले. २००६ मध्ये नियमनाचे काम करणारा एक बंद प्रोग्राम संगणकावर चालवावा लागे. त्यावर टीका झाली. २००७ च्या नव्या ड्रायव्हरमध्ये तो दिसेनासा झाला, कारण ते काम फर्मवेअरकडे गेले होते. कुलूप काढले नाही, आतल्या खोलीला लावले.

याचा त्रास प्रत्यक्षात कसा होतो, हे डेबियन या प्रणालीच्या इतिहासावरून दिसते. फेब्रुवारी २०११ मधील सहाव्या आवृत्तीत डेबियनने आपल्या कर्नलमधून अमुक्त फर्मवेअर काढून टाकले. तत्त्व निर्मळ राहिले. परंतु बिनतारी जोडणीवरच अवलंबून असलेल्या संगणकावर प्रणाली बसविणाऱ्याची पंचाईत झाली. नेटवर्कसाठी फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर आणण्यासाठी नेटवर्क हवे. अनेक वर्षे हे सहन केल्यावर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून अधिकृत स्थापना-प्रतीत अमुक्त फर्मवेअर समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून तो अमलात आला. या निर्णयाला कोणी शरणागती म्हणतील, कोणी शहाणपण. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे; पण पहिल्या पक्षाची हळहळ त्याला कळते.

एक चिप, एक नाव, अनेक आवृत्त्या

आरंभी सांगितलेल्या ग्रंथालयातील अनुभवाचे सार्वजनिक उदाहरण म्हणून टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या ॲडाप्टरकडे पाहता येईल. पहिल्या आवृत्तीत वर उल्लेखिलेली एआर९२७१ चिप होती. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांत ते लोकप्रिय झाले. पुढील आवृत्तीत त्याच नावाने रियलटेक कंपनीची आरटीएल८१८८ईयूएस ही सर्वस्वी भिन्न चिप आली. नाव वाचून खरेदी करणाऱ्याच्या हाती निराळीच वस्तू पडू लागली. विंडोज वापरणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही. काही ॲडाप्टर तर जोडल्यावर प्रथम विंडोज ड्रायव्हरने भरलेली सी.डी. असल्याची बतावणी करतात आणि विशिष्ट संकेत मिळाल्यावरच ॲडाप्टर म्हणून प्रकट होतात; लिनक्सवर हा संकेत देण्यासाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ हा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला.

रियलटेकचे उदाहरण विशेष बोधक आहे, कारण एकाच कंपनीत दोन्ही परंपरा नांदतात. तिच्या तारेच्या यू.एस.बी. ॲडाप्टरचा ड्रायव्हर कंपनीच्याच अभियंत्याने २०१३ मध्ये थेट मुख्य कर्नलला दिला आणि तो आजही सर्वत्र वापरात आहे. बिनतारी यू.एस.बी. चिपांसाठी मात्र कंपनी सोर्स कोडाचे गाठोडे तेवढे देत राहिली. परवाना मुक्त, पण आतमध्ये कर्नलच्या सामाईक यंत्रणेऐवजी कंपनीची स्वतःची यंत्रणा, आणि कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते गाठोडे मोडण्याची शक्यता. लिनक्सची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन विकासकांनी मुद्दामच स्वीकारलेले नाही. कर्नलच्या बाहेर राहणाऱ्याने स्वतःच मागोमाग धावावे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे केवळ सोर्स कोड उपलब्ध असणे पुरेसे नसते. तो सांभाळणारे कोणी तरी असावे लागते.

हे सांभाळण्याचे काम ज्यांनी दीर्घकाळ केले, त्यांत लॅरी फिंगर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ब्रॉडकॉमच्या ड्रायव्हरपासून आरंभ करून जवळजवळ दोन दशके त्यांनी स्वयंसेवक म्हणून बिनतारी ड्रायव्हरवर काम केले. रियलटेकची अनेक गाठोडी त्यांनी कर्नलच्या ‘स्टेजिंग’ या विभागात आणली. २००८ मध्ये सुरू झालेला हा विभाग म्हणजे अपूर्ण ड्रायव्हरची धर्मशाळा होय. सुधारले तर पुढे जातात, नाही तर काढून टाकले जातात. आरटीएल८१८८ईयूचा ड्रायव्हर तेथे २०१३ पासून होता. २०१५ मध्ये येस सोरेनसेन यांनी रियलटेकच्या यू.एस.बी. चिपांसाठी कर्नलच्या शिस्तीत लिहिलेला स्वतंत्र ड्रायव्हर कर्नलमध्ये आला आणि २०२३ मध्ये या चिपची सोयही त्यात झाल्यावर धर्मशाळेतील जुना ड्रायव्हर हटविण्यात आला. एका स्वस्त चिपला घर मिळण्यास दहा वर्षे लागली.

ज्या पोंटस फुक्स यांनी २००३ मध्ये बंद ड्रायव्हर वापरण्याची युक्ती काढली होती, त्यांच्याच नावाने फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत ॲथेरॉसच्या जुन्या एआर५५२३ या यू.एस.बी. चिपचा मुक्त ड्रायव्हर आला. तो ओपनबीएसडीतील ड्रायव्हरवर आधारलेला होता. तोवर त्या चिपची ॲडाप्टर अडगळीत गेली होती. तरी दप्तरात नोंद झाली, आणि ज्याच्या अडगळीत एखादे उरले असेल, त्याचे ते त्या दिवसापासून चालू लागले.

रियलटेकच्या पुढील पिढीसाठी ‘आरटीडब्ल्यू८८’ या ड्रायव्हरमध्ये यू.एस.बी.ची सोय झाली ती फेब्रुवारी २०२३ मधील ६.२ या आवृत्तीत. लॅरी फिंगर यांचे जून २०२४ मध्ये निधन झाले. ८०२.११एसी मानकाची आरटीएल८८१२एयू ही चिप सुमारे २०१३ पासून बाजारात होती. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधून वापरणाऱ्यांच्या हाती आला तो २०२५ मध्ये.